मोळीवरची जकात

आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण आमच्याकडे जे घडलं ते तेव्हा नगरपालिका असलेल्या कुठल्याही गावात थोड्याफार फरकाने घडलं असतं. गावात कापसाचा बाजार होता, कापसातली सरकी काढणारी जिनं होती, कोर्ट होतं आणि गावात शिरणाऱ्या प्रत्येक वाटेवर एक जकात नाका होता. बाहेरून येणारा माल तिथे थांबायचा. नाक्यावरचा कारकून, ज्याला आमच्याकडे मोहरीर म्हणत, तो माल बघायचा, जकात घ्यायचा, पावती फाडायचा आणि मग आडवा बांबू वर जायचा. नगरपालिकेची शाळा, दवाखाना, दिवाबत्ती, झाडलोट, बहुतेक सगळं या नाक्यांच्या पैशांवर चालायचं.

माझे वडील वकील होते आणि नगरपालिकेचे सभासदही. सरळ माणूस. कुणाचा एक पैसा त्यांनी खाल्ला नाही. गरीब मुलांच्या फिया ते भरायचे आणि थंडीत पारावर झोपणाऱ्यांना घोंगड्या वाटायचे. फक्त कर म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. आयकराचा कागद आला की तो दिवस घरात सगळ्यांनी हळू बोलायचं. "दान मी मनाने करतो," ते म्हणायचे, "कर माझ्याकडून काढून घेतात." हे वाक्य त्यांना फार आवडायचं. पाहुण्यांसमोर ते हमखास यायचं.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकून परत आले होते आणि नोकरी मिळेपर्यंत घरीच होते. साठ सालच्या आसपासची गोष्ट असेल. आमच्या घरी सरपण आणणारी एक बाई होती. गावापासून लांब, पूर्णेच्या बाजूच्या एका खेड्यातून ती यायची. डोक्यावर बाभळीच्या फांद्यांची मोळी, नाहीतर कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा भारा. काटक, उंच, आवाज असा की फाटकातून बोलली तरी मागच्या अंगणात ऐकू यावा. स्वभावाने साधीभोळी अजिबात नव्हती. मोळीच्या मधोमध ओली लाकडं घालायची आणि वरून वाळकी लावायची. आईने ती चोरी पकडली की उलट आईलाच म्हणायची, "पान्यात भिजवली काय मी? सकाळचं दव लागलं असन." मग दोघी भांडायच्या आणि भांडण झालं की ओसरीवर बसून चहा प्यायच्या.

डोक्यावरच्या ओझ्याला नाक्यावर पूर्वीपासून माफी होती. बैलबंडीवर जकात, ट्रकवर जकात, पण बाईच्या डोक्यावरच्या मोळीला, टोपलीला, गोवऱ्यांना कुणी अडवत नसे. ती माफी गेली त्या दिवशी मी घरीच होते.

झालं असं की गावाला नळ योजना हवी होती. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. लांबून गोडं पाणी आणायचं तर कर्ज काढायला हवं आणि ते फेडायला उत्पन्न वाढवायला हवं. नगरपालिकेच्या सभेत दोनच वाटा होत्या. घरपट्टी वाढवा, नाहीतर जकात वाढवा. सभासद कोण, तर वकील, डॉक्टर, जिनवाले, अडते. गावातली मोठी घरं त्यांचीच. वडील संध्याकाळी सभेहून आले ते खुशीत होते. जेवताना त्यांनी सांगितलं, "एकमताने झालं. घरपट्टीला हात लावला नाही. जकातीतल्या फालतू माफ्या काढून टाकल्या."

"कुठल्या माफ्या?" मी विचारलं.

"डोक्यावरच्या ओझ्याची वगैरे."

"आणि जिनांत येणाऱ्या कापसाची?"

"ती ठेवली. नाहीतर जिनं दुसऱ्या गावाला जातील. उद्योग टिकला पाहिजे."

मी कॉलेजात शिकले होते की ज्याची ऐपत जास्त, त्याचा कराचा वाटा जास्त. प्राध्यापकांनी ते फळ्यावर लिहून दिलं होतं, आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. मी ते वडिलांना सांगितलं. ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अगं, घरपट्टीची मागणी पालिका घरी पाठवते. ती माणसाच्या डोळ्यांत खुपते. जकात कुणाला दिसत नाही."

"देणारीला दिसते ना."

"तिचं मत आपल्या गावात नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. त्यांनी ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. एखादा कायद्याचा मुद्दा सांगावा तसं सांगितलं होतं. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या आठवड्यापासून मोळीवाल्या बायांना नाक्यावर अडवायला लागले. खरी अडचण रकमेची नव्हतीच. रक्कम थोडकी होती. अडचण अशी की जकात मोळी विकण्याच्या आधी द्यायची. मोळी विकली तर हातात पैसा येणार, आणि पैसा असेल तरच मोळी गावात येणार. बाया नाक्यावर ताटकळत बसायच्या. नवे पैसे नुकतेच आले होते. जुन्या आण्याचे नवे पैसे करताना मोहरीर वरचा आकडा धरायचा, त्यावरून रोज तंटा. ज्या बाईजवळ काहीच नसे तिच्या मोळीतली दोन लाकडं तो ओढून घ्यायचा. नाक्याच्या खोलीमागे लाकडांचा ढीग लागला आणि त्या ढिगाची पावती काही कुणी फाडली नाही.

आमच्या बाईने मोळीचा भाव वाढवला. आईने घासाघीस केली. "नाक्यावर भरतो ते मी काय घरून आनू?" ती म्हणाली. आई म्हणाली, "मग रॉकेलचा स्टोव्ह परवडला." शेवटी भाव पहिलाच राहिला आणि मोळी लहान झाली. जकात ना आम्ही भरली, ना बाजाराने. ती त्या बाईच्या पोटातून गेली. हे माझ्या डोळ्यांसमोर, आमच्या अंगणात झालं. पुस्तकात याला मोठं नाव होतं, पण आईला आणि तिला ते सांगून काय उपयोग होता?

मी वडिलांशी रोज वाद घालायचे. ते न्यायालयात जसं शांत राहत तसे घरीही राहायचे. "योजना झाली की गोडं पाणी सगळ्यांनाच मिळेल," ते म्हणायचे. काही वर्षांनी गोड्या पाण्याचे नळ आले ते आधी आमच्या आळीत आले. बाईच्या खेड्याच्या शिवारातूनच ती पाइपलाइन गेली होती. खोदकामाला त्या गावचीच माणसं होती. तिच्या गावात तोटी मात्र बसली नाही, कारण तिचं गाव पालिकेच्या हद्दीत नव्हतं.

पण ते पुढचं. जकात बसली त्याच वर्षीच्या श्रावणात एका दुपारी ती फाटकातून ओरडतच आत आली. डोक्यावर काही नव्हतं. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं.

"बाई, पोरीले घेऊन आली. बंडीत आनली. दवाखान्यात घेऊन नाई रायले. तुह्या बापाले सांग ना वं."

तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळपासून अडली होती. खेड्यातल्या सुईणीने हात टेकले तेव्हा हिने कुणाची तरी बंडी मागून घेतली आणि काळ्या मातीच्या त्या चिखलातून लेकीला गावात आणलं. नाक्यावर मोहरीराने सवयीने बंडी थांबवली, गवतावर पडलेली पोर पाहिली आणि धावत जाऊन बांबू वर केला. हे तिने मला नंतर सांगितलं. तो माणूसही वाईट नव्हता. या सगळ्या गोष्टीत मला वाईट माणूस सापडतच नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

वडील कोर्टात होते. त्यांच्याकडे न जाता मी सरळ नगरपालिकेच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात गेले. मला वाटलं, यात वडिलांची चिठ्ठी कशाला हवी, साधी न्यायाची गोष्ट आहे. व्हरांड्यात पोर भिंतीला धरून कण्हत होती. दारातल्या टेबलाशी एक कारकून होता. त्याने मला ओळखलं, उठून उभा राहिला आणि नम्रपणे सांगितलं की मोफत खाट हद्दीतल्या रहिवाशांसाठी आहे. बाहेरच्यांना फी आधी भरावी लागते. रहिवासी असल्याचं काही दाखवा, घरपट्टीची पावती चालेल. फी भरायला माझ्याजवळ तेव्हा पैसे नव्हते.

मी बाईला म्हटलं, "तुझ्याजवळ नाक्याची पावती आहे?" बाजारात कुणी पुन्हा अडवू नये म्हणून या बाया पावत्या कमरेच्या पिशवीत जपून ठेवायच्या. तिने एक चुरगळलेली पावती काढून दिली. मी ती टेबलावर ठेवली.

"ही कुणाची पावती आहे?"

"पालिकेची," तो म्हणाला.

"हिच्या पैशांवर हा दवाखाना चालतो. रोज भरते ही. मग ही बाहेरची कशी?"

त्याने पावती पाहिली, उलटी करून पाहिली. मग अगदी समजावून सांगितलं, "ताई, ही मालाची पावती आहे. माल हद्दीत आला, त्याची. बाई हद्दीत राहते, याची नाही."

मी संतापले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. कायदा, ऐपत, न्याय, असे शब्द त्यात असावेत. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला काही करता येत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं. तेवढ्यात मागून बाईच ओरडली, माझ्यावर.

"भांडून काहून राहिली वं? पोर मरून राहिली तिकडं! बापाची चिठ्ठी आन!"

मी कोर्टाकडे पळाले. वडील बाररूममध्ये होते. त्यांनी एक शब्द विचारला नाही, पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. काळा कोट तसाच अंगात, ते माझ्याबरोबर निघाले. चिठ्ठी लिहायचीही गरज पडली नाही. ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढताच कारकून बाजूला झाला, नर्सबाई आल्या, डॉक्टरीणबाईंना घरून बोलावलं गेलं. वडील बाहेरच्या बाकावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. मधून मधून बाईला म्हणत होते, "होईल बाई, सगळं नीट होईल." मुलगी झाली. पोरीचं रक्त फार गेलं होतं, पण ती वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

बाईने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. "वकीलसाहेब, तुमचे उपकार कशानं फेडू?" वडिलांचे डोळे पाणावले. मीही तिथेच उभी होते. लेक वाचली याचा आनंद मला झालाच. पण जे तिने आपल्या जकातीने आधीच विकत घेतलं होतं ते तिला उपकार म्हणून मिळालं होतं, आणि त्याचं श्रेय वडिलांच्या पदरात पडलं होतं. हे त्या क्षणी कुणाला सांगणार?

थोड्या दिवसांनी ती आली ती मोळी घेऊन. यावेळची मोळी भरगच्च, आतून बाहेरून वाळकी, निवडून आणलेली. पैसे घेईना. "साहेबासाठी आनली," म्हणाली. वडील बाहेर आले, कौतुकाने पाहिलं आणि आईला सांगून तिला एक नवं लुगडं दिलं. ती गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, या मोळीवर तिने नाक्यावर जकात भरली आहे."

"अरेरे," ते खरंच हळहळले. "आधी सांगायचं नाही का? तेवढे पैसे तिला द्यायचे होते."

त्यांना मुद्दा कळला नव्हता असं म्हणवत नाही. असले मुद्दे ते रोज कोर्टात मांडायचे. त्यांना तो या बाजूने दिसतच नव्हता.

मी पिच्छा सोडला नाही. जकात भरणाऱ्या खेड्यातल्या बायांना दवाखान्यात हद्दीतल्यांसारखं धरा, नाहीतर डोक्यावरच्या ओझ्याची माफी परत द्या, एवढं सभेत मांडा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी ते मांडलं. चांगलं मांडलं असणार. सभेने विचार केला आणि मधला मार्ग काढला: हद्दीबाहेरच्या गरजू बाईला कुणाही सभासदाच्या शिफारशीवर मोफत खाट मिळेल. वडिलांना तो मोठा विजय वाटला. "तुझ्यामुळे झालं हे," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर आमच्या ओसरीवर सकाळी खेड्यातली माणसं बसू लागली. कुणाच्या सुनेसाठी, कुणाच्या लेकीसाठी चिठ्ठी हवी. वडील पूजा आटोपून यायचे, प्रत्येकाची विचारपूस करायचे, चिठ्ठी लिहून द्यायचे. कुणालाही त्यांनी परत पाठवलं नाही. पण एका जिनवाल्या सभासदाच्या ओसरीवरही माणसं बसायची, आणि ती चिठ्ठीच्या मोबदल्यात हंगामात त्याच्याकडे कमी रोजावर राबायची, असं आमची बाईच सांगायची. नाक्यावरची जकात तशीच चालू राहिली. घरपट्टीही तशीच, जुन्या दराने.

मला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मी गाव सोडलं. तिथे मला भूगोल आणि नागरिकशास्त्र दिलं. कर भरणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे आणि त्या बदल्यात शासन सुविधा पुरवतं, असा धडा होता. मी तो शिकवायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, कर कोण भरतं?" मी म्हटलं, "सगळेच." ती म्हणाली, "आमचे बाबा म्हणतात, फक्त श्रीमंत माणसंच भरतात, आणि बाकीचे फुकट खातात." वर्गातल्या बऱ्याच मुलींनी माना डोलावल्या. तास संपला तरी मी बोलत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी नंतर मला बोलावून सांगितलं की अभ्यासक्रम वेळेत पुरा झाला पाहिजे.

मधल्या काळात गावात मोळीचा धंदाच बदलला. बंडीवर जकात बंडीमागे होती. मोळीवर मोळीमागे. एका बंडीत पुष्कळ मोळ्या मावतात, हा हिशेब ज्याला कळला त्याने नाक्याच्या पलीकडे, हद्दीबाहेर, एक मोकळी जागा घेतली. तो बायांकडून मोळ्या तिथेच पडेल भावात विकत घ्यायचा, बंडी भरायचा, एकदाच जकात द्यायचा आणि गावात वखारीतून विकायचा. बायांना नाक्यावर बसावं लागेना, त्यामुळे त्या खूश होत्या. पुढे त्याने शेताशेतांतल्या बाभळी आणि पऱ्हाट्याच ठोक्याने घ्यायला सुरुवात केली. मग बायांची मोळी राहिली नाही. त्या त्याच्याकडे रोजाने लाकूड तोडू आणि भरू लागल्या. त्याने गावात माडीचं घर बांधलं. पुढच्या निवडणुकीत तो नगरपालिकेत आला.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तर वडील म्हणाले, "तुला आनंदाची बातमी सांगतो. डोक्यावरच्या ओझ्याची जकात सभेने माफ केली. ठराव त्या वखारवाल्यानेच मांडला. फार छान बोलला, गोरगरिबांच्या बाजूने." त्याचा हार घालून सत्कारही झाला होता.

मी विचारलं, "बाबा, आता डोक्यावर मोळी घेऊन नाक्यावरून कोण येतं?"

ते म्हणाले, "तू प्रत्येक चांगल्या गोष्टीत काहीतरी शोधतेस."

परत अकोल्याला जाताना मी नाक्यापलीकडे उतरले आणि त्या वखारवाल्याच्या जागेत गेले. बाई तिथे होती. वाळली होती, पण आवाज तोच. ओंडके बंडीत चढवत होती. तिने मला ओळखलं, पदराने हात पुसले. नात बरी आहे, लेक सासरी आहे, असं म्हणाली. मी तिला माफीचं सांगितलं.

"व्हय, मालक म्हनत होता," ती म्हणाली. "पेढा देल्ला सगळ्यायले. पन कायचं माफ केलं वं बाई? मले काई समजलंच नाई."

मी समजावून सांगायला लागले. पूर्वी नाक्यावर तुझ्याकडून घेत होते ना, ते आता घेणार नाहीत. तुझी स्वतःची मोळी घेऊन तू गावात गेलीस तर.

"माही मोळी?" ती म्हणाली. "माही मोळी कुठं हाय आता? बाभयी सगळ्या त्याच्याच हायेत."

पलीकडून मुकादमाने हाक मारली. ती वळली आणि ओंडक्याचं एक टोक धरून तिने दुसऱ्या बाईला दुसरं टोक उचलायला सांगितलं. मी रस्त्यावर येऊन अकोल्याच्या गाडीला हात केला.